चार पेड, आठ डाख: हेडफोनची तार घरी विणताना

हेडफोन ‘गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याची फक्त तार गेलेली असते. आणि तीही सगळी नाही. प्लगच्या मानेपासून दोन बोटांवर, जिथे ती रोज वाकते, तिथे आतले तांब्याचे केस एकेक करून तुटत जातात. एक दिवस डावा कान मुका होतो. मग आपण तार एका विशिष्ट कोनात धरून बसतो, रबरबँड लावतो, चिकटपट्टी गुंडाळतो आणि महिन्याभरात नवा हेडफोन घेतो. जुन्याचे दोन्ही स्पीकर, गादी, डोक्यावरची पट्टी सगळं धडधाकट असतं.

मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती कागदावर उतरवणं हे माझं काम. दिवसाचे सहा-सात तास हेडफोन कानावर असतो. माझ्या हेडफोनची तार तुटली तेव्हा दुरुस्ती केंद्रात सांगितलं, की नुसती तार मिळत नाही, नवाच घ्या. त्या आठवड्यात मी पहिली तार विणली. तेव्हापासून घरातल्या आणि ओळखीच्यांच्या मिळून बऱ्याच तारा झाल्या. त्यातून जे हाताला कळलं ते इथे सांगते.

आधी आवाजाबद्दल, कारण या छंदात सर्वांत जास्त पैसा तिथेच वाया जातो. तार विणल्यानं हेडफोनचा आवाज सुधारत नाही. गणित साधं आहे. अमेरिकन मापाच्या २६ गेजची तांब्याची तार दर मीटरला सुमारे ०.१३ ओहम रोध देते. सव्वा मीटरच्या केबलमधून प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणजे अडीच मीटर, म्हणजे साधारण एक तृतीयांश ओहम. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर त्यामुळे आवाज एक दशांश डेसिबलहूनही कमी उतरतो. सेन्हायझरचा एचडी ६५० घेतला, जो ३०० ओहमचा आहे, तर हा फरक डेसिबलच्या शंभराव्या भागावर येतो. माणसाच्या कानाला यातलं काहीही कळत नाही. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे. तांब्याची तार एक गेज जाड घेतली की तो फरक भरून निघतो. वरच्या पट्टीचे स्वर तारेच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतात म्हणून खास तार हवी, असंही सांगितलं जातं. २०,००० हर्ट्झला तांब्यात प्रवाह सुमारे ०.४७ मिलिमीटर खोल शिरतो, आणि २६ गेजच्या तारेची त्रिज्याच ०.२ मिलिमीटर असते. म्हणजे सगळी तार पुरेपूर वापरली जाते. ऑक्सिजनमुक्त तांबं जरूर घ्या, ते चांगलंच असतं. पण साध्या विजेच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता टक्काभरच जास्त.

मग विणायचं कशासाठी? हवी तेवढी लांबी मिळते. तार मऊ राहते, मानेवर रेटत नाही, खिशात गुंता कमी होतो. आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा तुटली तर कुठे तुटली ते तुम्हाला माहीत असतं आणि अर्ध्या तासात दुरुस्त होते. माझ्या लेखी हे शेवटचं कारण बाकी सगळ्यांहून मोठं आहे.

कोणत्या हेडफोनची तार करावी

पहिल्या खेपेला ज्याची तार निघते असाच हेडफोन घ्या. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोसारख्या हेडफोनची तार आतूनच जोडलेली असते. त्यासाठी कप उघडावा लागतो, ते नवख्या हाताचं काम नाही. सुटी तार असलेल्यांमध्येही प्रत्येकाचं तोंड निराळं. एचडी ६०० आणि ६५० या सेन्हायझरच्या हेडफोनना दोन्ही कानांत दोन-दोन पिनांचा जोड लागतो, त्यातली एक पिन जाड आणि एक बारीक, म्हणजे उलटा बसू नये ही सोय. एकेजी के७०२ ला एकाच कानात तीन पिनांचा छोटा एक्सएलआर. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला डाव्या कानात अडीच मिलिमीटरचा प्लग, जो फिरवून अडकवायचा असतो. त्याचं भोक इतकं अरुंद आहे की बाजारातला साधा अडीचचा प्लग अंगानं जाड असल्यामुळे आत बसत नाही. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनना एकतर ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना असतात किंवा एमएमसीएक्स नावाचा गोल, बटणासारखा जोड.

तुमची जुनी केबल तुटली असली तरी टाकू नका. तीच तुमचा नकाशा आहे. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक प्लगच्या टोकाला लावा आणि दुसरं कानाकडच्या पिनांना एकेक करून लावत जा. साध्या साडेतीन मिलिमीटरच्या तीन भागांच्या प्लगमध्ये टोक म्हणजे डावा कान, मधलं कडं म्हणजे उजवा, आणि मागचा लांब भाग दोघांची परतीची वाट. कानाकडच्या कोणत्या पिनेला यातलं काय जातं ते कागदावर चित्र काढून लिहून ठेवा. तार तुटलेल्या जागी बीप येत नसेल तर तार हलवत राहा, बहुधा क्षणभर तरी येतो. इअरफोनच्या दोन पिनांत धन कुठली, हे तर मापूनच ठरवा. मी अंदाजावर कधीच सोडत नाही.

माइक असलेल्या मोबाइलच्या चार भागांच्या प्लगच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. त्याची मांडणी दोन परस्परविरोधी पद्धतींनी होते, माइक आणि परतीची वाट यांच्या जागा उलटसुलट असतात, आणि सुरुवातीलाच डोकं फिरतं.

तार निवडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यातल्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, हुकअप वायर मागितली की दुकानदार विचारतो, ‘सात छत्तीस देऊ की सात अडतीस?’ पहिला आकडा आतल्या केसांची संख्या, दुसरा एका केसाचा ब्रिटिश गेज. ७/३६ म्हणजे ०.१९ मिलिमीटरचे सात केस, ही अमेरिकन २४ गेजच्या जवळ जाते. ७/३८ म्हणजे साधारण २६ गेज. वीज वाहायला दोन्ही पुरेशा आहेत. पण विणायला आणि रोज वाकवायला दोन्ही ताठ.

कारण असं, की तार वाकते तेव्हा केसाच्या बाहेरच्या बाजूला ताण पडतो आणि हा ताण केसाच्या जाडीच्या प्रमाणात असतो. केस निम्म्या जाडीचा केला की तेवढ्याच बाकात ताण निम्मा होतो. तांबं वारंवार वाकलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. बारीक केसांचा जुडगा म्हणूनच जास्त दिवस टिकतो. कॅनारेच्या एल-४ई६एस या माइकच्या केबलमध्ये एकेका तारेत ०.०८ मिलिमीटरचे ४० केस असतात. ही केबल मीटरवर विकत मिळते. बाहेरचं जाड आवरण आणि जाळी काढून टाकली की आत चार तारा सापडतात, दोन निळ्या, दोन पांढऱ्या. नेमक्या आपल्याला हव्या तेवढ्या. मऊ हवी असेल तर सिलिकॉनच्या आवरणाची २६ गेजची तार उत्तम. ती डाख देताना, म्हणजे सोल्डर करताना, वितळत नाही. पीव्हीसीचं आवरण उष्णतेनं मागे सरकतं, तिथे हात चपळ हवा. भिंतीत घालायच्या नेटवर्क केबलमधली एकसंध तार मात्र कधीही वापरू नका, ती आठवड्यात तुटेल.

जुन्या इअरफोनची तार कापून वापरण्याचा मोह होतो. तिच्या आतले लाल, हिरवे, सोनेरी केस म्हणजे रंग लावलेलं तांबं नसून प्रत्येक केसावर लाखेचा थर आहे आणि मध्ये बळकटीसाठी धागा आहे. त्या थरावर सोल्डर बसत नाही. गरम सोल्डरच्या थेंबात, साधारण ३८० ते ४०० अंशांवर, टोक बुडवून थर जाळावा लागतो. पुढे कधीतरी करून बघा, आज नको.

चार तारा का, तीन का नाही? तीन तारांत दोन्ही कानांची परतीची वाट एकच असते. सव्वा मीटरच्या त्या एका तारेच्या रोधामुळे, ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये, डाव्या कानातल्या आवाजाचा सुमारे दोनशेवा भाग उजवीकडे गळतो. फार नाही, पण दोन्ही कानांना वेगळा जोड असलेल्या हेडफोनमध्ये चौथ्या तारेनं तो फुकट थांबतो: परतीच्या दोन तारा थेट प्लगमध्येच एकत्र आणायच्या. शिवाय अशा हेडफोनला उद्या ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांच्या वाटा वेगळ्या ठेवणारा, प्लग लावायचा झाला तर फक्त प्लग बदलावा लागतो, तार तीच. (उलट दिशेचं अडॅप्टर कधी करू नका. बॅलन्स्ड अॅम्प्लिफायरच्या दोन ऋण वाटा एकत्र जोडल्या तर त्याला इजा होऊ शकते.)

वेणी

सव्वा मीटरच्या तयार केबलसाठी मी एकेक तार एक मीटर साठ सेंटिमीटर कापते. विणण्यात लांबी जाते, घट्ट विणलं तर जास्त जाते, आणि शेवटी कापायला थोडी उरावी लागते. चारी तारांच्या दोन्ही टोकांना खूण करा. चारी एकाच रंगाच्या असतील तर नखरंगाचे ठिपके पुरतात. उजव्या कानाला लाल हा जगभरचा संकेत आहे. मराठीत इथे एक खड्डा आहे: लाल आणि लेफ्ट दोन्ही ‘ल’नं सुरू होतात, म्हणून हात आपोआप चुकतो. रेड-राइट असं म्हणत खूण करा.

दोन कानांकडे फुटणाऱ्या भागासाठी वरची ४० सेंटिमीटर मोकळी सोडा. तिथे दोऱ्यानं चारी तारा घट्ट बांधा आणि तो जोड दाराच्या कडीला अडकवा. एम५०एक्ससारखा एकाच कानाचा हेडफोन असेल तर हा फाटा लागत नाही, वरपासून खालपर्यंत वेणी.

आता चार पेडांची गोल वेणी. डाव्या हातात दोन पेड, उजव्या हातात दोन. उजवीकडचा सर्वांत बाहेरचा पेड उचला. तो मधल्या दोन्ही पेडांच्या मागून डावीकडे न्या, डावीकडच्या दोन पेडांच्या मधून पुढे काढा आणि आतल्या पेडावरून वळवून पुन्हा उजवीकडे, आतल्या जागी आणा. आता डावीकडचा सर्वांत बाहेरचा: दोघांच्या मागून उजवीकडे, उजव्या दोघांच्या मधून पुढे, एकावरून परत डावीकडे आत. बस, एवढंच. दोघांच्या मागून, एकावरून परत. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही हातांत दोन-दोन पेड उरले पाहिजेत. तीन-एक झाले तर चुकलं, मागे या.

तीन पेडांची वेणी चपटी होते, ही गोल होते, करदोड्यासारखी. ज्यांनी कधी करदोडा विणला असेल त्यांचा हात दहा मिनिटांत बसेल. बाकीच्यांनी आधी चार रंगांच्या लोकरीवर वीतभर विणून पाहावं. रंग वेगळे असले की नक्षी दिसते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

विणताना खालचा गुंता हा खरा वैताग. वर जेवढे पेच पडतात तेवढेच उलटे पेच खाली लोंबणाऱ्या टोकांत पडत जातात. शिगम्यात किंवा शाळेच्या संमेलनात गोफ पाहिला असेल तर हे लक्षात येईल: नाचणारे आपापली फीत हातात धरून फिरतात म्हणून खाली गुंता होत नाही, आणि पावलं उलटी टाकली की वरचा गोफ उलगडतो. आपल्या तारांना धरायला माणसं नाहीत, म्हणून प्रत्येक तारेची छोटी लडी करून तिला रबरबँड लावा आणि विणत जाल तशी सोडत जा.

ताण चारी पेडांवर सारखा ठेवा. बोट दमलं की ताण बदलतो आणि वेणीत पोट येतं, म्हणून दर वीतभरानंतर कपड्यांचा चिमटा लावून थांबा. फार घट्ट विणू नका. घट्ट वेणी सुरेख दिसते, पण दोरखंडासारखी ताठ होते आणि मऊपणासाठी केलेली सगळी खटपट वाया जाते.

वरच्या फाट्यावर प्रत्येक कानाला दोन तारा येतात. त्यांना नुसता पीळ घालायचा, पण तो टिकेल असा. दोरी वळणारे करतात तेच करा: प्रत्येक तार स्वतःभोवती उजवीकडे पिळा आणि दोन्ही मिळून डावीकडे वळा. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात. एकाच दिशेनं पिळलेली जोडी हात सोडताच उकलते.

काही जण तारा आधी पॅराकॉर्डच्या पोकळ वेष्टनातून ओवून मग विणतात. पॅराशूटच्या दोरीचे आतले धागे ओढून काढले की कापडी नळी उरते. हेडफोनला ते छान दिसतं. कानाच्या आतल्या इअरफोनला लावू नका. कापड शर्टावर घासलं की खसखस थेट कानात ऐकू येते.

डाख

चार तारा, दोन टोकं, आठ डाख. सोनार ज्याला डाख म्हणतात तेच आपलं सोल्डर. बारीक, ०.८ मिलिमीटरच्या आसपासची, ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली, आत राळ भरलेली तार घ्या. ती नेमकी १८३ अंशांना वितळते आणि मधे चिखल न होता लगेच घट्ट होते. इस्त्रीचं, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं, टोक बारीक हवं. तापमान ठेवता येत असेल तर ३३० ते ३५०. नसेल तर २५ वॉटची साधी इस्त्रीही चालते, माझी पहिली तार तिच्यावरच झाली.

इस्त्री हातात घेण्याआधी प्लगची टोपी आणि उष्णतेनं आवळणाऱ्या नळीचे तुकडे तारेवर ओवले का, ते पाहा. सुरेख डाख देऊन झाल्यावर टोपी टेबलावरच राहिलेली दिसते आणि सगळं उकलावं लागतं. हे माझ्याकडून तीनदा झालं आहे, म्हणून आता मी टोपी ओवल्याशिवाय इस्त्रीचं बटणच दाबत नाही.

तारेचं टोक तीन मिलिमीटर सोला, केस पिळा आणि त्यांना कल्हई करा: खालून इस्त्री, वरून सोल्डर, तार चकचकीत होईपर्यंत. पिनेच्या खोबणीलाही तशीच कल्हई. भांड्याला कल्हई करताना नवसागर जे काम करतो, म्हणजे पृष्ठभागावरचा काळा थर काढण्याचं, तेच इथे राळ करते. इथे नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं आम्ल मात्र लावू नका. ते मागे राहून तांबं खात राहतं. मग कल्हई केलेली तार कल्हई केलेल्या खोबणीवर टेका, इस्त्री लावा, दोन-तीन सेकंदांत दोन्ही एक होतील. इस्त्री काढा आणि गार होईपर्यंत हात हलवू नका. चांगला डाख चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसतो. मळकट, गोळ्यासारखा दिसला तर तो आत धरलेला नाही, पुन्हा तापवा.

दोन पिनांच्या बारीक जोडांत पिना प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या असतात आणि उष्णतेनं वाकड्या होतात. त्याच मापाचं जुनं सॉकेट मिळालं तर जोड त्यात खुपसूनच डाख द्या. पिना सरळ राहतात आणि जास्तीची उष्णता सॉकेट ओढून घेतं. हेडफोनमध्येच खुपसून डाख देऊ नका.

खिडकी उघडी ठेवा. राळेच्या धुरानं दमा होऊ शकतो, हे कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या बाबतीत सिद्ध झालेलं आहे. सोल्डरमध्ये शिसं आहे. काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवा.

मान

आता जिथून सुरुवात केली तिथे येऊ. जुनी तार मानेपाशी तुटली होती. नवीही तिथेच तुटेल, जर वाकण्याचा भार डाखावर आला. सोल्डर वर चढलेला भाग ताठ होतो आणि तो ताठपणा संपतो तिथे केस तुटतात. म्हणून प्लगच्या आतला पंजा वेणीच्या आवरणावर घट्ट बसला पाहिजे, उघड्या तारांवर नाही. ओढ पंज्यानं घ्यायची, डाखानं नाही. त्यावर आतून गोंद असलेली आवळनळी, आणि टोपीतून बाहेर तीन सेंटिमीटर मऊ नळी, म्हणजे बाक एका बिंदूवर न पडता पसरतो. फाट्याच्या जागीही एक छोटी नळी. आवळनळीला गरम हवेचं पिस्तूल उत्तम. लायटर वापरलात तर ज्योत लांबून फिरवत ठेवा.

टोपी लावण्याआधी मल्टिमीटर. डावी धन प्लगच्या टोकाशी बोलते का, उजवी धन कड्याशी, दोन्ही परतीच्या तारा मागच्या भागाशी. आणि टोक, कडं, मागचा भाग यांचा एकमेकांशी बीप येत नाही ना. बीप चालू असताना तार मानेपाशी हलवा. खंड पडला तर डाख कच्चा आहे. मग हेडफोन लावा, आवाज कमी ठेवा आणि एकट्या निवेदकाची बातमी ऐका. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे. तो दोन्हीकडे विखुरला आणि खर्ज क्षीण वाटला तर एका कानाच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत. त्या कानापुरते दोन डाख बदला.

पहिल्या तारेला एक सुट्टीचा दिवस लागतो, पुढच्यांना संध्याकाळ पुरते. तुमच्या कपाटात एका कानानं मुका झालेला हेडफोन असेल तर तो भंगारात देऊ नका. आज फक्त त्याची तार मल्टिमीटरवर मापा आणि पिनांचं चित्र काढून हेडफोनच्या डब्यात ठेवा.